छातींतील कळ आणि हृद्रोगतज्ज्ञाचें कार्य

रात्रीचें जेवण आटोपून घरांतील मंडळी निजानीज करण्याच्या बेतांत असतात. इतक्यांत घरच्या कर्त्या पुरुषास छातीच्या मध्यभागीं कोणी वरवंटा ठेविल्यासारखें वाटूं लागतें. कळ म्हणावी तर ती सुईसारखी टोंचणारी नसते. आवळल्यासारखें, दडपल्यासारखें, कधीं नुसतें जळजळल्यासारखें वाटतें, आणि तो दाब हळूहळू डाव्या खांद्याकडे, दंडाकडे, कधीं मानेकडे व जबड्याकडे पसरत जातो. अंगास दरदरून घाम सुटतो. अशा वेळीं घरांत प्रथम काय घडतें? "आज भजीं जरा अधिकच झालीं," असें कोणी म्हणतो. ओव्याचा अर्क येतो, सोड्याची बाटली फुटते, पाठ चोळली जाते. शेजारचे अण्णा येऊन "वायु धरला आहे, दुसरें कांहीं नाहीं," असा निर्वाळा देतात, आणि स्वतः रोगीहि त्या निर्वाळ्यास आनंदानें मान डोलावतो. कारण पोटांतला वायु ही गोष्ट हृदयाच्या विकारापेक्षां कोणासहि अधिक सोसवते. सकाळीं डॉक्टरांकडे जाऊं असें ठरतें व दिवा मालविला जातो. या "सकाळीं" शब्दापायीं जितके प्राण गेले असतील तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दापायीं गेले असतील.

ही चूक अडाण्यांच्या घरींच होते असें मात्र कोणी समजूं नये. १९५५ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष आयसेनहॉवर हे डेन्व्हर येथें गोल्फ खेळत असतां त्यांस अस्वस्थ वाटूं लागलें. दुपारीं खाल्लेल्या कच्च्या कांद्याचा हा प्रताप, असा त्यांनीं समज करून घेतला. मध्यरात्र उलटल्यावर दोनच्या सुमारास छातींतील कळेनें ते जागे झाले. त्यांचे खाजगी डॉक्टर तातडीनें आले, वेदना शमविण्यासाठीं त्यांनीं मॉर्फिया टोंचला, व सकाळीं वर्तमानपत्रांस अध्यक्षांचें पोट बिघडल्याचें कळविण्यांत आलें. हृदयाचा विद्युत्-आलेख काढला गेला तो सुमारें दहा तासांनीं, दुपारीं. आणि तेव्हां कोठें त्यांस लष्करी इस्पितळांत हलविण्यांत आलें. डॉक्टरांनीं निदान चुकविलें, कीं जाणूनबुजून रोग्यास विश्रांति मिळूं दिली, याविषयीं इतिहासकारांत आजहि एकमत नाहीं. परंतु जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासहि दहा तास वाट पाहावी लागली ही गोष्ट खरी. सोमवारीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बोस्टनहून आलेले हृद्रोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनीं बातमीदारांस एकत्र बोलावून हृदयाची धमनी म्हणजे काय, ती बंद पडते म्हणजे काय, आणि त्यानंतरहि माणूस कामाधामास कसा लागूं शकतो, हें शाळामास्तराच्या सबुरीनें समजावून सांगितलें. आयसेनहॉवर पुढील वर्षीं पुन्हां निवडून आले व १९६९ पर्यंत जगले. दिवसास चार-चार पाकिटें सिगारेटी ओढण्याची संवय त्यांनीं १९४९ मध्येंच सोडली होती. परंतु अशा सावकाराचें देणें एका दिवसांत फिटत नसतें.

आतां ही कळ येते तरी कशानें? हृदय हें मुठीएवढें, सुमारें ३०० ग्रॅम वजनाचें एक स्नायूचें यंत्र आहे. दिवसांतून सुमारें एक लाख वेळां तें आकुंचन पावतें व स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांत दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त फिरवितें. गंमत अशी कीं, ज्या पोकळ्यांतून हें सारें रक्त वाहतें त्या पोकळ्यांतील रक्ताचा हृदयाच्या जाड स्नायूस पोषणासाठीं जवळजवळ कांहींच उपयोग नसतो. खानावळींतील आचारी शंभर पानें वाढतो, परंतु त्यास स्वतःसाठीं ताट निराळें वाढून घ्यावें लागतें. त्यांतलाच हा प्रकार. हृदयांतून निघणाऱ्या महाधमनीच्या अगदीं आरंभीं दोन लहानशा शाखा फुटतात व त्या हृदयाच्या बाहेरील पृष्ठावरून मुकुटाप्रमाणें वेढा घेतात. युरोपीय वैद्यकांत त्यांस मुकुट या अर्थाच्याच लॅटिन शब्दावरून नांव मिळालें आहे. या धमन्यांची रुंदी मोठीशी नसते. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढीच ती असते. परंतु साऱ्या देहास रक्त पुरविणाऱ्या यंत्राचा सारा शिधा या चिंचोळ्या वाटेनेंच येतो.

या वाटा अरुंद होतात त्या मेदाच्या थरांनीं. ही क्रिया म्हातारपणीं सुरू होते हा समज चुकीचा आहे. कोरियाच्या युद्धांत मारले गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें तपासण्यांत आलीं व त्यांचा वृत्तांत १९५३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय अवघें २२ होतें, तरी शेंकडा ७७ जणांच्या धमन्यांत हा विकार थोडाफार सुरू झालेला आढळला. सामान्यतः लोक या प्रकारास गंजत चाललेल्या नळाची उपमा देतात. ती अर्धीच खरी आहे. नळ गंजत गंजत एके दिवशीं बंद व्हावा, तशा रीतीनें हृदयाचा झटका बहुधा येत नाहीं. धमनीच्या अस्तराखालीं मेदाची जी गळवासारखी पुळी तयार होते तिच्यावर एक पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा एकाएकीं फाटला म्हणजे आंतील द्रव्य रक्ताच्या संपर्कांत येतें, आणि जखम झाली असें समजून रक्त तेथें गोठूं लागतें. बोट कापल्यावर जी शक्ति प्राण वांचविते तीच येथें प्राणावर उठते. वाट पूर्वीं निम्मीच अरुंद असली तरी गुठळीनें ती घटकाभरांत पार बुजून जाते. म्हणूनच "गेल्याच महिन्यांत सर्व तपासण्या केल्या होत्या, कांहीं निघालें नव्हतें हो!" असे उद्गार शोकाकुल घरांतून ऐकूं येतात. ते उद्गार खोटे नसतात आणि बहुधा तपासणारा डॉक्टरहि दोषी नसतो.

रक्त बंद झाल्यावर सुमारें अर्ध्या तासांत हृदयाचा स्नायु मरूं लागतो. मरणाची ही लाट आंतील थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जाते व तिला कांहीं तास लागतात. हेच ते तास, कीं ज्यांत मनुष्याच्या हातून कांहीं करण्यासारखें असतें. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. त्याच्या जागीं व्रण राहतो आणि व्रणास आकुंचन ठाऊक नसतें. पुढें दोन जिने चढतांना धाप लागणें, पायांस सूज येणें, रात्रीं उशाशीं तीन उशा घेतल्याखेरीज झोंप न लागणें, हीं त्या हातच्या गेलेल्या तासांचींच फळें होत.

एवढें ज्ञान मनुष्यास मिळालें तें मात्र फार सावकाश. लंडनचे डॉ. विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ मध्यें तेथील वैद्यांच्या सभेपुढें या वेदनेचें वर्णन वाचलें व तें १७७२ मध्यें छापून निघालें. चालतांना, विशेषतः चढणीवर आणि जेवणानंतर, ती येते व उभें राहतांच थांबते, हें त्यांचें वर्णन आजहि जसेंच्या तसें लागू पडतें. परंतु तिचें मूळ कोठें आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें ओळखलें देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनीं, आणि तेंहि मोठ्या अवघड प्रसंगीं. जेन्नर यांचे गुरु, विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, यांस हीच कळ येत असे. इतर रोग्यांच्या मृत्यूनंतर जेन्नर यांनीं त्यांच्या हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या पाहिल्या होत्या; परंतु गुरूस धक्का बसेल म्हणून ते गप्प राहिले. आपला जीव आपणांस चिडविणाऱ्या कोणत्याहि लबाडाच्या हातीं आहे, असें हंटर म्हणत अशी आख्यायिका आहे. १७९३ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस लंडनमधील आपल्या इस्पितळाच्या सभेंत वादावादी होऊन ते बाहेर पडले आणि तेथेंच कोसळले. शवचिकित्सेंत त्यांच्या धमन्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या. शिष्याचें मौन योग्य होतें कीं अयोग्य, याचा निवाडा सोपा नाहीं. त्या काळीं सत्य सांगूनहि देण्यासारखें औषध त्यांच्याजवळ नव्हतें. आज तसें नाहीं.

धमनी बंद झाल्यावरहि मनुष्य जगूं शकतो हें शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१२ मध्यें मांडलें, तेव्हां त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. कारण जिवंत माणसाच्या छातींत काय घडलें आहे हें पाहावयाचें कसें? तो डोळा हॉलंडांतील लायडेनच्या प्राध्यापक विलेम आयन्थोव्हेन यांनीं दिला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उठणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह त्यांनीं चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें ताणलेल्या चांदी चढविलेल्या सूक्ष्म तंतूवर टिपला. यंत्राचें वजन सुमारें २७० किलो होतें, तें चालविण्यास पांच माणसें लागत आणि रोग्यास हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावें लागे. इस्पितळ प्रयोगशाळेपासून सुमारें दीड किलोमीटर दूर. तेव्हां त्यांनीं टेलिफोनच्या तारेवरून रोग्यांच्या हृदयाचे आलेख मागविले. १९२४ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज तेंच यंत्र एका हातांत मावतें, त्याचें ई.सी.जी. हें नांव घरोघरीं ठाऊक आहे, आणि लहान गांवांतील दवाखान्यांतून निघालेला आलेख मोठ्या शहरांतील तज्ज्ञ क्षणार्धांत पाहूं शकतो. आलेखांतील रेघेचा एक विशिष्ट भाग वर उचललेला दिसला कीं हृदयाची एखादी मोठी धमनी पार बंद झाली असली पाहिजे, असें तो तज्ज्ञ समजतो. परंतु पहिला आलेख निर्दोष आला म्हणून कोणी पेढे वाटूं नयेत. कळ चालू असेल तर थोड्या थोड्या वेळानें तो पुन्हां काढावा लागतो, आणि मेलेल्या स्नायूंतून रक्तांत उतरणारें ट्रोपोनिन नांवाचें द्रव्य तपासावें लागतें.

निदान झालें तरी उपचार काय होता? शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य उपचार एकच, तो म्हणजे अंथरूण. रोग्यास चार-चार, सहा-सहा आठवडे उताणा निजवून ठेवीत; कित्येकांस स्वतःच्या हातानें घांसहि घेऊं देत नसत. निजून राहिल्यानें पायांतील रक्त गोठून ती गुठळी फुप्फुसांत जाई व हृदयाच्या झटक्यांतून वांचलेला मनुष्य विश्रांतीनें मरे. बोस्टनचे लेव्हाइन व लाउन यांनीं १९५२ मध्यें रोग्यांस खुर्चींत बसविण्याचें धाडस केलें, तेव्हां तें अनेकांस अघोरी वाटलें होतें.

पहिल्या दिवशींच्या मृत्यूंचें एक मोठें कारण असें असे कीं, जखमी हृदयाची लय एकाएकीं बिघडून तें ठोके देण्याऐवजीं पिशवींतील किड्यांप्रमाणें नुसतें वळवळूं लागे. विजेचा धक्का देऊन ही वळवळ थांबवितां येते हें क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनीं १९४७ मध्यें एका चौदा वर्षांच्या मुलाची छाती उघडून, आणि बोस्टनच्या पॉल झोल यांनीं १९५६ मध्यें छाती न उघडतां दाखविलें. मग प्रश्न उरला तो धक्का वेळेवर देण्याचा. अशा रोग्यांस एकाच दालनांत ठेवून त्यांच्या हृदयाचे आलेख रात्रंदिवस डोळ्यांपुढें ठेवावे, ही कल्पना एडिंबरोच्या डेस्मंड ज्यूलियन यांनीं १९६१ मध्यें मांडली. या दालनाचें यश मुख्यतः परिचारिकांचें होय. डॉक्टरची वाट न पाहतां धक्का देण्याचा अधिकार त्यांस मिळाला आणि इस्पितळांत पोंचलेल्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपासून जवळजवळ निम्म्यावर आलें. वैद्यकाच्या इतिहासांत त्यांचीं नांवें फारशीं आढळत नाहींत. तीं आढळावयास हवीं होतीं.

बंद झालेली वाट उघडण्याचा प्रश्न मात्र अजून उरला होता. त्याची किल्ली जर्मनींत, बर्लिनजवळील एबर्सवाल्ड या लहानशा गांवीं, १९२९ च्या उन्हाळ्यांतच तयार झाली होती. तेथील इस्पितळांत व्हेर्नर फोर्समान नांवाचा पंचविशीतील एक नवशिका शस्त्रवैद्य होता. हातांतील शिरेंतून एक लवचिक नळी सरकवीत नेली तर ती थेट हृदयांत पोंचेल व तेथें औषध सोडतां येईल, असें त्याच्या मनानें घेतलें. वरिष्ठांनीं परवानगी नाकारली. तेव्हां त्यानें शस्त्रक्रियेच्या साहित्याची किल्ली जिच्याजवळ होती त्या परिचारिकेचें मन वळविलें. इतकें, कीं प्रयोग आपल्यावरच करावा म्हणून ती तयार झाली. त्यानें तिला मेजावर निजवून हातपाय बांधले, तिच्या हातास औषध लावण्याचें मिष केलें, आणि तिची नजर चुकवून स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून मूत्रमार्गाच्या रोगांसाठीं वापरावयाची सुमारें ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आंत सरकविली. मग तिला सोडवून, नळी तशीच दंडांत लोंबत असतां, दोघें जिने उतरून क्ष-किरणांच्या खोलींत गेलीं. पडद्यापुढें आरसा धरून, त्यांत पाहत पाहत, त्यानें नळीचें टोंक हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत ढकललें आणि पुरावा म्हणून छायाचित्र काढून घेतलें. हृदयास स्पर्श करतांच मनुष्य मरतो असें मानणाऱ्या जगांत हा गृहस्थ जिना चढून परत आला ! विद्वानांनीं त्याचें कौतुक करण्याऐवजीं त्याची हेटाळणी केली. तो मूत्ररोगांचा डॉक्टर म्हणून एका लहान गांवीं स्थायिक झाला, आणि तेथें असतांना १९५६ मध्यें न्यूयॉर्कचे कूर्नां व रिचर्ड्स यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता त्यास कळली. त्या दोघांनीं त्याचीच नळी घेऊन हृदयाचा सारा अभ्यास उभा केला होता. स्वतःच्या देहावरील असल्या प्रयोगाचें अनुकरण करण्यास कोणीहि सांगणार नाहीं, आणि परिचारिकेशीं केलेली लबाडी तर मुळींच वाखाणण्याजोगी नाहीं; परंतु आज जगांतील प्रत्येक हृद्रोगतज्ज्ञाच्या हातांत त्याच नळीचें एक टोंक असतें.

पुढील पाऊल योगायोगानें पडलें. १९५८ च्या ऑक्टोबरांत क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स हे एका तरुण रोग्याच्या महाधमनींत क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य सोडीत असतां नळीचें टोंक सरकून तें सारें हृदयाच्या उजव्या धमनींत गेलें. रोग्याचें हृदय कांहीं क्षण थांबलें; सोन्स यांनीं त्यास खोंकावयास सांगितलें व तें पुन्हां सुरू झालें. त्या घाबरगुंडींतून अँजिओग्राफी जन्मास आली. तिनें अडथळा दिसूं लागला. तो दूर करण्याची युक्ति झूरिक येथें अँड्रियास ग्रुंट्झिग यांनीं स्वयंपाकघराच्या मेजावर फुग्याच्या नळ्या चिकटवीत चिकटवीत साधली. १९७७ च्या सप्टेंबरच्या १६ तारखेस त्यांनीं ३८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हृदयधमनींत बारीक फुगा नेऊन फुगविला व अरुंद वाट रुंद केली. रोगी पूर्ण शुद्धीवर होता. दहा वर्षांनंतर पाहिलें तेव्हांहि ती वाट उघडीच होती. फुग्यानें उघडलेली धमनी पुन्हां मिटूं नये म्हणून आंत ठेवावयाची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, १९८६ मध्यें मनुष्यांत प्रथम बसविण्यांत आली.

दरम्यान १९८० मध्यें अमेरिकेंतील डिवुड व त्यांचे सहकारी यांनीं झटका येऊन चार तासांच्या आंत आलेल्या रोग्यांच्या धमन्या तपासल्या आणि त्यांपैकीं शेंकडा ८७ जणांच्या धमन्या गुठळीनें पार बंद असल्याचें दाखविलें. तोंवर गुठळी ही झटक्याचें कारण कीं परिणाम, यावर पंडितांचा वाद चालूं होता. कारण ठरल्यावर ती विरघळविणें ओघानेंच आलें. १९८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड प्रयोगांत १७,१८७ रोगी होते. ज्यांस दोन्ही औषधें मिळालीं नाहींत त्यांपैकीं पांच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें शेंकडा १३.२ दगावले, ज्यांस गुठळी विरघळविणारें स्ट्रेप्टोकायनेज व जोडीस साधी अॅस्पिरिन मिळाली त्यांपैकीं शेंकडा ८. डोकेदुखीवर घरोघरीं घेतली जाणारी, चार आण्यांची म्हणून हिणविली जाणारी गोळी एकटीहि जवळजवळ स्ट्रेप्टोकायनेजइतकीच उपयोगी ठरली, ही गोष्ट औषधांच्या किंमतीवरून त्यांची योग्यता ठरविणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आज अशा रोग्यानें इस्पितळाच्या दारांत पाऊल टाकलें म्हणजे दहा मिनिटांच्या आंत त्याचा आलेख निघावा, आणि फुग्याची सोय तेथेंच असेल तर दीड तासाच्या आंत धमनी उघडावी, असा नियम हृद्रोगतज्ज्ञांनीं स्वतःस घालून घेतला आहे. बहुधा मनगटाच्या धमनींतून नळी नेतात. रोगी जागा असतो; पडद्यावर स्वतःच्या हृदयाचें चित्र त्यास दिसूंहि शकतें. केंसाएवढी बारीक तार गुठळींतून पलीकडे जाते, तिच्यावरून फुगा, फुग्यावरून स्टेंट. आणि पडद्यावर तुटल्यासारखी दिसणारी फांदी पुन्हां टोंकापर्यंत भरून येते. कळ थांबते ती पुष्कळदां त्याच क्षणीं. जेथून असें इस्पितळ दोन तासांच्या आंत गांठणें अशक्य, तेथें गुठळी विरघळविणारें औषध आधीं टोंचून मग रोग्यास पुढें पाठवितात. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्यांच्या दृष्टीनें ही दुसरी वाट पहिलीहून कमी मोलाची नाहीं. थोरल्या शहरांतील मोठ्या इस्पितळाचा हट्ट धरून वाटेंत चार तास घालविणें हा शहाणपणा नव्हे.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याविषयीं सुशिक्षितांतहि मोठा घोंटाळा आहे. झटका चालू असतां स्टेंट प्राण वांचवितो. परंतु ज्यास केवळ चढ चढतांना कळ येते व थांबल्यावर थांबते, ज्याची स्थिति महिनोन्महिने तशीच आहे, त्याची गोष्ट निराळी. अशा रोग्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगांत, २००७ मध्यें व पुन्हां ५,१७९ रोग्यांच्या २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उत्तम औषधोपचारास स्टेंट किंवा शस्त्रक्रियेची घाईनें जोड दिल्यानें मृत्यु कमी झाले असें दिसलें नाहीं. कळ मात्र कमी झाली. मुख्य डावी धमनीच अरुंद असलेल्यांस हें लागू नाहीं. तरी पडद्यावर "शेंकडा ७० अडथळा" दाखविल्याबरोबर घाबरून सही करण्यापूर्वीं, "हें आजच करणें अवश्य आहे काय, आणि न केल्यास काय होईल?" एवढें विचारण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार आहे. चांगल्या हृद्रोगतज्ज्ञास त्या प्रश्नाचा राग येत नाहीं.

उलट घोंटाळाहि आहेच. स्टेंट बसविला म्हणजे रोग गेला असें मानून चार महिन्यांत गोळ्या बंद करणारे पुष्कळ. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. रोग साऱ्या धमन्यांत असतो. रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या मध्येंच सोडल्या तर त्या जाळींतच गुठळी होऊन दुसरा झटका येतो, आणि तो पहिल्याहून घातक असतो. रक्तांतील मेद उतरविणारीं स्टॅटिन औषधें हीं जपानच्या अकिरा एंडो यांनीं बुरशींतून शोधलेल्या द्रव्याचीं वंशज. १९९४ मध्यें ४,४४४ हृद्रोग्यांवरील प्रयोगांत त्यांनीं एकूण मृत्यु शेंकडा ३० नीं कमी केले. हृद्रोगतज्ज्ञाचें खरें काम नळी बाहेर काढल्यानंतरच सुरू होतें: औषधांच्या मात्रा लावणें, किती चालावें हें ठरविणें, कामावर केव्हां रुजू व्हावें हें सांगणें, आणि "आतां माझें कांहीं खरें नाहीं" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसास पुन्हां उठवून चालतें करणें. या शेवटच्या कामाचें बिल कोणी देत नाहीं, म्हणून तें पुष्कळदां राहून जातें.

रोग होऊंच नये यासाठीं करावयाच्या गोष्टी सर्वांस तोंडपाठ आहेत. तंबाखू (तींत मिश्रीहि आली), रक्तदाब, मधुमेह, रक्तांतील मेद, पोटाचा घेर, बैठें जिणें, हीच ती मंडळी. ५२ देशांत झालेल्या व २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, पहिला झटका येण्याचें मधलें वय दक्षिण आशियांत ५३, तर इतरत्र सुमारें ५९ आढळलें. म्हणजे संसार भर मध्यावर असतांनाच आपल्याकडे घाला पडतो.

रक्तदाबाविषयीं मुंबईस अभिमान वाटावा अशी एक हकीकत आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर व निद्रानाशावर पूर्वापार देत असत. कलकत्त्याच्या सेन व बोस यांनीं १९३१ मध्यें तिचा रक्तदाबावरील गुण लिहून ठेविला. परंतु जगाचें लक्ष तिकडे वेधलें तें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखानें. तो १९४९ मध्यें 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें आला. तोंवर वाढलेल्या रक्तदाबास औषधच नाहीं, असें मोठमोठे वैद्य म्हणत. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत त्या मुळींतील रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें व १९५७ मध्यें वकील यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें त्या औषधानें कित्येकांच्या मनास खिन्नता येते असें दिसून आलें, अधिक चांगलीं औषधें निघालीं, आणि सर्पगंधा मागें पडली. वनस्पति आहे म्हणून ती निरुपद्रवी, असें मानणाऱ्यांनीं हा शेवटचा भागहि वाचावा. रक्तदाबास स्वतःची अशी वेदना नसते. तो मोजल्याखेरीज कळत नाहीं. जेवणांत मीठ दिवसास पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे चहाच्या चमच्याभर, असावें असें जागतिक आरोग्यसंघटना सांगते. लोणचें, पापड, फरसाण व सांडगे यांचें मीठ त्याच चमच्यांत मोजावयाचें असतें, हें गृहिणींस सांगितलें म्हणजे त्या हंसतात.

आतां पुन्हां त्या रात्रीकडे वळूं. छातींतील दाब विश्रांतीनेंहि दहा-पंधरा मिनिटांत न शमल्यास, विशेषतः सोबत घाम किंवा धाप असल्यास, तो वायु आहे हें सिद्ध करण्याची जबाबदारी घरावर नसून डॉक्टरावर आहे. स्त्रियांत व मधुमेह्यांत कळ अशी येतच नाहीं असेंहि होतें. नुसता थकवा, मळमळ, धाप किंवा पाठींतील दुखणें एवढेंच असतें, आणि बायकांच्या अशा तक्रारींकडे घरांत कसें पाहिलें जातें हें सांगावयास नकोच. रोग्यास जिना चालत उतरूं देऊं नये, मोटार त्यास हांकूं देऊं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ज्यास अॅस्पिरिन वर्ज्य नाहीं, पोटांत रक्तस्राव होत नाहीं, त्यास ३०० मिलिग्रॅमच्या सुमाराची एक गोळी चावून खावयास देणें युक्त असतें. फोनवर डॉक्टर भेटल्यास त्यांस विचारूनच द्यावी. जिभेखालीं ठेवावयाची गोळी मात्र शेजाऱ्याच्या कपाटांतून आणून देऊं नये, कारण तिनें रक्तदाब एकदम खालीं येऊन मनुष्य कोसळूं शकतो. जुने आलेख व औषधांची यादी एका पिशवींत तयार असावी. ऐन वेळीं त्या शोधण्यांतच अर्धा तास जातो.

आणि रोगी बेशुद्ध पडला, हांकेस ओ देत नाहीं, श्वास बंद किंवा नुसता आचका, असें झालें तर? १९६० पूर्वीं याचें उत्तर शस्त्रवैद्याच्या सुरीजवळच होतें. त्या वर्षीं बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनीं नुसत्या हाताच्या तळव्यांनीं छाती दाबूनहि रक्त फिरवितां येतें असें दाखविलें. त्यांतील कौवेनहोवेन हे डॉक्टरच नव्हते, विजेचे इंजिनियर होते. रोग्यास कठीण जमिनीवर उताणें निजवावें. एका हाताचा तळवा छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. आणि पांच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां दाबावें व प्रत्येक वेळीं छातीस पूर्ववत् वर येऊं द्यावें. बरगडी मोडेल या भीतीनें हात आखडूं नये. मोडलेली बरगडी सांधते. हें काम फार थकविणारें असल्यानें दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा, म्हणून घरांतील निदान दोघांना तें येत असावें. तिसऱ्यानें खालीं जाऊन फाटक उघडून ठेवावें, व इमारतीस लिफ्ट असेल तर ती तळमजल्यावर धरून ठेवावी.